इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को: नक्की किती लांब, आणि नक्की किती तास?

रामबागकर

मंडळी, एक साधा प्रश्न आहे. निदान कालपर्यंत मला तो साधा वाटत होता.

आई (वय ७२) जानेवारीत धाकट्या भावाकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटला चालली आहे. पहिलाच परदेश प्रवास, आणि तोही एकटीने. परवा पोहे खाताना तिने विचारलं, "किती लांब आहे रे, आणि किती तास लागतात?" मी मोबाइल काढला. एका ठिकाणी लगेच उत्तर मिळालं: इंदूर–सॅन फ्रान्सिस्को १३,०४१ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १४ तास ५९ मिनिटं. तेच तिला सांगितलं. आईने हिशेब मांडला, रात्री जेवून निघाले की दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले.

मग तिकिटं बघायला बसलो. सगळ्यात कमी वेळाचं २७ तास, एक तर ३९ तासांचं. आता आईचं म्हणणं, "तू नीट बघितलंच नाहीस."

तर हे १५ तास आले कुठून? आणि जायचं कुठून, दिल्ली, दुबई की युरोप? माझं मत दुबई. नकाशात अमेरिका पश्चिमेला, दुबईही पश्चिमेला. तेवढी वाट आधीच कापली जाईल. २०१९ मध्ये इंदूरहून दुबईला थेट विमान सुरू झालं तेव्हा तर घरात सगळे म्हणायचे, आता अमेरिका जवळ आली.

चौकस

रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या वर्षी आमचेही आई-बाबा.

सुदामानगरची सून

रामबागकर भाऊ, ते १४:५९ विसरा. ती साइट काय करते सांगू? दोन विमानतळांमधलं सरळ अंतर घेते, त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागते आणि चढ-उताराचा अर्धा तास वर टाकते. तुमचा आकडा करून बघा, बरोबर तेवढाच येईल. असं विमान इंदूरहून उडतं का, याच्याशी तिला घेणं नाही. तिला देपालपूर ते टिंबक्टू विचारा, तेही सांगेल.

माझ्या सासूबाई दोनदा गेल्या. पहिल्यांदा आम्ही मुंबईमार्गे दोन वेगळी तिकिटं काढली, स्वस्त पडतात म्हणून. इंदूर–मुंबईचं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि पुढचं गेलं. तिकिटं वेगळी असल्यामुळे कोणीच जबाबदारी घेईना. नवीन तिकीट घ्यावं लागलं, वर एक रात्र मुंबईत. तेव्हा पहिला नियम: इंदूरपासून शेवटपर्यंत एकाच तिकिटावर. सामान इथे दिलं की तिथेच मिळतं, आणि मधलं विमान चुकलं तर पुढच्यात बसवणं त्यांच्यावर येतं.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. आई चालू शकत असल्या तरी मागा. प्रश्न चालण्याचा नाही, एवढ्या मोठ्या विमानतळावर कुठे जायचं हे शोधण्याचा आहे.

नकाशेवाला

दुबईबद्दल थोडं लिहितो. बराच मोठा गैरसमज आहे आणि दोष आपला नाही, शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाचा आहे.

तो नकाशा मर्केटर पद्धतीचा, १५६९ सालच्या आराखड्यावरचा. जहाजांना दिशा धरायला तो सोयीचा, पण अंतरं मोजायला अगदी कुचकामी. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. जितकं उत्तरेला जावं तितकं सगळं ताणलेलं. म्हणून इंदूरहून कॅलिफोर्नियाला जायची वाट आपल्याला डावीकडे आडवी दिसते.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक काम करा. दोऱ्याचं एक टोक इंदूरवर बोटाने दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. आधी तुम्ही तो अरबस्तान-युरोप-अटलांटिकवरून ठेवाल. ताण देताच तो तिथे टिकणार नाही, आपोआप घसरत वर जाईल. जिथे थांबेल ती सगळ्यात जवळची वाट, भूगोलाच्या भाषेत बृहद्वृत्त.

ती वाट कुठून जाते बघा. इंदूरहून जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून. दिल्लीवरून, हिमालय, तिबेट, सायबेरिया, मग ७५ अक्षांशाच्या आसपास आर्क्टिक, आणि तिथून अलास्का-कॅनडावरून खाली. पश्चिमेचा त्यात संबंधच नाही.

आता आकडे. मी अक्षांश-रेखांश घेऊन काढलेत, पाच-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे चालतील.

इंदूर–सॅन फ्रान्सिस्को थेट: सुमारे १३,०४०.
इंदूर–दिल्ली ६६०, दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,३८०. बेरीज: १३,०४०.
इंदूर–दुबई २,०९०, दुबई–सॅन फ्रान्सिस्को: पुन्हा सुमारे १३,०४०!

म्हणजे दिल्ली अगदी वाटेवर आहे, तिकडून गेलं तर एक किलोमीटरही वाया जात नाही. आणि दुबईला २,००० किलोमीटर उडून गेल्यावर अमेरिका जेवढी लांब होती तेवढीच लांब राहते. राजवाड्याहून विमानतळाला निघालेल्या माणसाने आधी उलट्या दिशेच्या पलासियाला जाऊन यावं, तसं.

तुकोगंज

+१. हा दोऱ्याचा प्रयोग नातवंडांसोबत करून पाहीन.

पण मग कोणी त्या वाटेने उडतं का? माझ्या मेहुण्यांचं विमान तर युरोपावरून गेलं होतं.

नकाशेवाला

तंतोतंत त्या वाटेने कोणीच उडत नाही. मुख्य अडचण तिबेट. विमानातला हवेचा दाब गेला तर पायलटला लगोलग दहा हजार फुटांवर, म्हणजे साधारण ३,००० मीटरवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोड्या मिनिटांपुरता असतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी ४,५०० मीटरवर. उतरणार कुठे?

दुसरं, आकाशालाही फाटकं असतात. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. उलट २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी केली, ती युरोपच्या विमानांना नाही. त्यामुळे त्याच दोन गावांमधलं अंतर तुम्ही कोणाच्या विमानात बसलात यावर ठरतं.

तिसरं, इंजिन दोनच असतात. वाटेत ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ सतत हाताशी हवा. २०२३ च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगदान गावी उतरवलं होतं, आठवत असेल. मगदानचं नाव तोवर कोणी ऐकलं होतं?

भिया_इंदौरी

सगळे एवढे किचकट का करून राहिलेत? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना. विमान रामबागवर नुसतं वर नेऊन थांबवा, बारा तासांनी खाली अमेरिका आलीच. पेट्रोल पण वाचेल.

सुदामानगरची सून

भिया, मग उडी मारल्यावर तुम्ही शेजारच्या गल्लीत का नाही पडत? हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते.

भिया_इंदौरी

मारून बघितली. तिथेच पडलो. माघार.

वारा_पाहून

भियांनी गमतीत म्हटलं, पण हवेचा मुद्दा खरा आहे, फक्त जरा वेगळा. मी पंधरा वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, म्हणून लिहितो.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ते जास्त जोरात. विमानाचा वेग हवेच्या मानाने ठरलेला असतो, जमिनीच्या मानाने नाही. पाठीशी ताशी दीडशेचा वारा असेल तर ९०० चे १,०५० होतात, समोरून असेल तर ७५०. २०२० च्या फेब्रुवारीत वादळाच्या वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात लागतात.

या धाग्यासाठी सगळ्यात चपखल उदाहरण २०१६ च्या ऑक्टोबरचं. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा तोपर्यंत अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबरात त्यांनी ती उलट्या बाजूने, प्रशांत महासागरावरून नेली. अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० ने जास्त. वेळ साडेचौदा तास, म्हणजे जवळजवळ दोन तासांनी कमी. विमान तेच, दोन्ही टोकं तीच, फक्त वारा पाठीशी घेतला.

म्हणून "किती लांब" आणि "किती वेळ" हे दोन प्रश्न एका दमात विचारू नयेत.

तुकोगंज

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). हे वाचून आमच्या मेहुण्यांची बोलती बंद करता येईल.

जुना इंदूरकर

अवांतर: नकाशेवाल्यांनी "इंदूरहून सरळ उत्तरेला" म्हटलं म्हणून राहवलं नाही. आपल्या जुन्या ज्योतिर्विदांची मध्यरेषा लंकेहून निघून उज्जैनवरून, कुरुक्षेत्रावरून मेरूकडे जायची. मेरू म्हणजे उत्तर ध्रुव. उज्जैन आणि इंदूर रेखांशाने जवळपास एकच, दोन्ही ७५.८ च्या आसपास. ग्रीनिचच्या कितीतरी आधी जगाचा शून्य रेखांश आपल्या उशाशी होता. जयसिंगांनी बांधलेली उज्जैनची वेधशाळा अजून उभी आहे. तिथल्या सम्राट यंत्राची सावली आणि आपलं मनगटी घड्याळ जुळत नाही, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची. आपला सूर्य तिच्यापेक्षा सुमारे २७ मिनिटं मागे असतो.

आणखी एक. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, म्हणजे कुठलंही गाव दुसऱ्यापासून २०,००० हून लांब असूच शकत नाही. इंदूरच्या बरोबर पायाखाली काय आहे ते एकदा काढलं होतं: दक्षिण प्रशांत महासागर, ईस्टर बेटापासून फार लांब नाही. तुमच्या मातोश्री त्या मानाने दोन तृतीयांशच चालल्यात. काळजी नसावी.

रामबागकर

सर्वांचे आभार. दोऱ्याचा प्रयोग काल रात्री केला.

कपाटावरचा गोल खाली काढला. बाबांनी माझ्या सहावीत घेतलेला, त्यात अजून सोव्हिएत संघ आहे. दोरा आईच्या फॉल-बिडिंगच्या डब्यातला, निळा. इंदूर त्यावर छापलेलंच नाही, मुंबई आणि दिल्लीच्या मध्ये अंदाजाने बोट ठेवलं. आईने दुसरं टोक धरलं. मी तुर्कस्तान-इंग्लंडवरून दोरा नीट बसवून दिला, आणि तिने ओढल्याबरोबर तो सुळकन वर सरकला, युरोप सोडून सायबेरियात गेला आणि गोलाच्या पितळी कमानीला अडकला. कमान बाजूला फिरवून पुन्हा ताणला. दिल्लीच्या ठिपक्यावरून! आई म्हणाली, "म्हणजे कैलासावरून जाणार की काय मी?" तिला तिबेटचं सांगितलं तर जरा हिरमुसली.

आता तिकिटाचं. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत.

दुबईमार्गे: एकूण साधारण १५,१०० किलोमीटर, पण दुसरा टप्पा सलग सोळा तासांचा.
दिल्ली–फ्रँकफर्टमार्गे: ६६० + ६,१२० + ९,१५०, म्हणजे १५,९००. टप्पे सुमारे नऊ आणि साडेअकरा तासांचे.
दिल्ली–सिंगापूरमार्गे: १८,४०० च्या वर. हे धाकट्याचं आवडतं, म्हणतो विमानतळ छान आहे.

अंतराने दुबई जिंकते, नकाशेवाल्यांची पलासियाची उपमा धरूनही. पण आईचे गुडघे सलग सोळा तास बसू देणार नाहीत. तुम्ही काय घ्याल?

सुदामानगरची सून

फ्रँकफर्ट, डोळे मिटून. किलोमीटर विमान मोजेल, आईंना एका बैठकीत किती वेळ बसायचंय ते मोजा. मधे तीन तास पाय मोकळे होतात, चहा होतो, दुसऱ्या टप्प्याला माणूस नव्याने बसतो. आतली नाही, कडेची जागा घ्या, कोणाला न उठवता दर दोन तासांनी उठता येतं. बसल्या जागी पावलं खाली-वर करायला सांगा, पायात रक्त साकळत नाही.

दिल्लीला मात्र पाच तास ठेवाच. जानेवारीत धुकं. आणि इंदूरचं विमान कुठल्या टर्मिनलला उतरतं ते बघा. टी-१ ला उतरलात तर टी-३ ला बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. आयत्या वेळी कळलं तर घाम फुटतो, जानेवारीतसुद्धा.

वारा_पाहून

सहमत. आणि तिकिटावरचा वेळ म्हणजे हवेतला वेळ नव्हे, हे आईंना आधीच सांगा. जागेवरून मागे ढकलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा तो वेळ. इंदूर–दिल्लीला तिकीट दीड तासाच्या वर दाखवतं, चाकं जमिनीपासून वर असतात ती जेमतेम तासभर. बाकी रांगेत उभं राहणं, आणि कंपन्यांनी वेळेवर पोचल्याचं दाखवता यावं म्हणून ठेवलेला सैलपणा. हे माझं मत, पण अनुभवाचं.

भिया_इंदौरी

शेव किती किलो नेऊन राहिल्यात ते नाही सांगितलं.

रामबागकर

भिया, तीन किलो. त्यातली एक लसणाची. तिन्ही पाकिटं तीन-तीन पिशव्यांत.

रामबागकर

धागा वर काढतो. आई पोचली.

मी तिला एक छोटी वही दिली होती, प्रत्येक वेळी घड्याळ बघून लिही म्हणून. घड्याळ तिने शेवटपर्यंत इंदूरच्याच वेळेवर ठेवलं. धाकट्याने वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, जसेच्या तसे उतरवतो, कंसातलं तिचंच:

शुक्रवार सं. ६.१० घर. (गॅस बंद केला का ते बघ.)
८.२१ विमान वर.
९.२४ खाली. दिल्ली. धुकं नाही. खुर्ची घेऊन मुलगा आला, बिहारचा, फार गुणी.
शनिवार पहाटे ३.०५ वर.
११.३० खाली. इथे उजाडतंय. आमच्याकडे जेवायची वेळ.
दु. ३.०० वर.
रविवार पहाटे २.०० खाली. बाहेर लख्ख ऊन. (?)
३.३५ सामान आलं. शेव विचारली, दाखवली, जाऊ दिलं.
४.२५ घर. इथे शनिवारच आहे.

बेरीज मी केली. रामबागच्या दारापासून फ्रीमाँटच्या दारापर्यंत ३४ तास १५ मिनिटं. त्यातले हवेत २० तास २८ मिनिटं. उरलेले १३ तास ४७ मिनिटं रांगा, खुर्च्या, गाड्या आणि वाट बघणं. म्हणजे "जगाच्या त्या टोकाला" जाताना पाचातले दोन तास ती जमिनीवर होती.

आणि स्थानिक घड्याळं धरली तर शुक्रवारी संध्याकाळी ६.१० ला निघून शनिवारी दुपारी २.५५ ला घरात, पावणेएकवीस तास! साडेतेरा तास असेच हातात आले. त्या "(?)" वर धाकटा तासभर समजावत होता म्हणे. शेवटी आई म्हणाली, "कळलं. शनिवारचा उपास दोनदा."

जुना इंदूरकर

वाचून फार बरं वाटलं. ती वही जपून ठेवा.

चौकस

रुमाल टाकल्याचं चीज झालं. परतीचं काय? तेवढेच तास?

वारा_पाहून

परतीला कमी. सॅन फ्रान्सिस्को–फ्रँकफर्ट आणि फ्रँकफर्ट–दिल्ली, दोन्ही टप्पे पूर्वेकडे, वारा पाठीशी. दोन्ही मिळून हवेतले दीड-दोन तास वाचतात. पण साडेतेरा तास परत द्यावे लागतील. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर परतणार असतील तर साडेबारा, तिकडे तेव्हा घड्याळं तासभर पुढे करतात.

रामबागकर

एप्रिलमध्ये येतेय. हे आत्ताच फोनवर सांगितलं तिला, की येताना दोन तास कमी लागतील.

म्हणाली, "मग जातानाच तिकडून का नाही पाठवलंस? तू नीट बघितलंच नाहीस."